पापणी उतरते तेव्हा: मायस्थेनिया आणि आयुर्वेद

मावशीचा आजार पहिल्यांदा दिसला तो शिवणयंत्रावर. लालबागच्या चाळीत ती घरीच ब्लाऊज शिवायची. सकाळी सुईत दोरा एका फटक्यात जायचा, दुपारी चारनंतर मात्र तिला सुया दोन दिसायच्या. नंबर बदलला असेल म्हणून दोनदा चष्मा बदलला. मग डावी पापणी उतरायला लागली. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढे पुढे रात्री भाकरी अर्ध्यावर आली की तिचा जबडा थकायचा आणि ती हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास चावायची. घरचे म्हणायचे, दिवसभर मशीनवर वाकून बसतेस, दुसरं काय होणार! तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती.

आठ महिन्यांनी एका न्यूरॉलॉजिस्टने रबरी हातमोज्यात बर्फ भरला, तिच्या मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला आणि काढला. पापणी वर! आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो, कुणाला काही बोलायला सुचेना. ही जादू नव्हती, या आजाराची नेहमीची तपासणी होती. ती का चालते ते पुढे सांगतो. मग रक्ताची तपासणी झाली, नसेला एकामागून एक बारीक विजेचे झटके देऊन करतात तीही झाली, आणि नाव पक्कं झालं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. अर्थ एवढाच, की स्नायूंचा गंभीर अशक्तपणा. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला हा आजार झाल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे मुंबईत निदान नाव तरी पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं.

हा लकवा नाही. नस शाबूत असते, स्नायूही शाबूत असतो. बिघाड असतो तो दोघांच्या मधल्या सूक्ष्म फटीत.

चाळीतला नळ डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाणी येतं तेव्हा प्रेशर भरपूर असतं, तासाभराने धार बारीक होते. नस म्हणजे पाइपलाइन. तिच्यातून सुटणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन म्हणजे पाणी. स्नायूच्या बाजूला ते रसायन पकडणारे रिसेप्टर म्हणजे नळ, आणि स्नायू आवळला जाणं म्हणजे बादली भरणं. धडधाकट माणसातही नस एकापाठोपाठ एक हुकूम सोडत राहिली की दर वेळी पाणी थोडं कमी सुटतं. पण नळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे बादली भरतेच. मायस्थेनियात शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडी त्या नळांना बूच बसवतात, कित्येक नळ तर उखडूनच टाकतात. सकाळच्या प्रेशरला उरलेल्या नळांवर बादली कशीबशी भरते, चार ब्लाऊज झाले की भरेनाशी होते. तासभर आडवं झालं की टाकी पुन्हा भरते आणि पापणी वर येते. सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी अंग टाकलेलं, म्हणून या माणसांना ‘नाटक करतात’ हे हमखास ऐकावं लागतं. दादरच्या पुलाचा पहिला जिना चढून जाणारा माणूस दुसऱ्या जिन्यावर मध्येच थांबतो, आणि मागचे त्याला ढकलतात.

आता मोरीचं. वापरलेलं ॲसिटिलकोलीन एक एन्झाइम लगेच तोडून टाकतं, म्हणजे पाणी मोरीतून वाहून जातं. पायरिडोस्टिग्मीनची गोळी त्या मोरीला बोळा लावते. पाणी थोडा वेळ साचून राहतं आणि शिल्लक नळांवर काम भागतं. अर्ध्यापाऊण तासात गुण येतो, तीन-चार तासांत ओसरतो. नळ मात्र दुरुस्त होत नाहीत. बर्फाने पापणी का उचलली जाते, त्याचाही मुख्य खुलासा इथेच आहे: थंडीत हे एन्झाइम मंदावतं. उकाड्यात याच्या उलट होतं, म्हणून मावशीचा मे महिना नेहमी वाईट जातो. गोळीने पाणी सगळ्या अंगातच साचतं, त्यामुळे पोटात मुरडा येतो, लाळ सुटते, जुलाब होतात.

बूच बसवणाऱ्यांना आवरण्याची औषधं वेगळी. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, त्याच्या जोडीला बहुधा ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. स्टिरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशक्तपणा उलट वाढू शकतो, हे आधी कुणी सांगितलं नसेल तर घरात घबराट उडते. ॲझाथायोप्रिनला गुण यायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. या रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकाच्या थायमसमध्ये गाठ निघते, म्हणून छातीचा स्कॅन करतात आणि गाठ असली तर ग्रंथी काढतात. गाठ नसतानाही ती काढून काही रुग्णांना फायदा होतो, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. अगदी गळ्याशी आलं, म्हणजे श्वासाचे स्नायू थकले, की रक्तातला प्लाझ्मा बदलावा लागतो किंवा आयव्हीआयजीची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींची, इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यांचं बिल लाखांच्या घरात जातं.

‘ते केमिकल, हे झाडपाल्याचं’ ही वाटणी या आजारात मुळातच टिकत नाही. 1934 साली लंडनमध्ये मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, की आपल्या मायस्थेनियाच्या पेशंटची अवस्था क्युरारे या बाणाला लावायच्या विषाने होते तशीच आहे. क्युरारेवरचा उतारा फायसोस्टिग्मीन. तो त्यांनी टोचून पाहिला आणि पेशंटच्या अंगात काही वेळापुरती ताकद आली. फायसोस्टिग्मीन निघतं पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी वेलीच्या बीपासून. आजची गोळी त्याच घराण्यातली. क्युरारेसुद्धा वेलीचंच. रोगासारखी अवस्था करणारंही झाड आणि उतारा देणारंही झाड.

आपल्याकडे हीच गोष्ट सापांकडून शिकता येते. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी मिटू लागतात, मग घास गिळवत नाही, मग श्वास अडखळतो, कारण नागाचं विष नेमकं याच नळांवर जाऊन बसतं. म्हणून नागदंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीनही देतात, ते पायरिडोस्टिग्मीनचं भावंड. आपल्या मण्यारीची एक बहीण तैवानकडे असते. तिच्या विषातल्या एका घटकाने शास्त्रज्ञांना हे रिसेप्टर हुडकून वेगळे काढता आले. 1973 साली विजेचे झटके देणाऱ्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले, तर सशांनी त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या आणि त्यांच्या माना गळाल्या. ससे मायस्थेनियाचे रुग्ण झाले होते. मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर परळला हाफकिन संस्था आहे. सर्पदंशावरच्या औषधासाठी तिचं नाव घरोघरी माहीत. ते औषध घोड्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं. तिथे अँटिबॉडी जीव वाचवतात, मावशीच्या अंगात त्याच घात करतात.

आता आयुर्वेदाकडे वळू. निदान झाल्यावर पहिल्याच गणपतीत घरी आलेल्या बारा जणांनी बारा वैद्य सुचवले होते.

ग्रंथांत ‘मायस्थेनिया’ असा रोग नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चरकानेच सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला सांगून ठेवलंय, की रोगाचं नाव ठाऊक नसलं तरी लाजू नकोस, कारण सगळ्याच विकारांना ठरावीक नावं नसतात. दोष, जागा आणि कारण ओळखून उपचार कर. त्यामुळे एक वैद्य याला मांसगत वात म्हणतात, दुसरे आवरण म्हणतात, म्हणजे कफाने किंवा इतर कशाने तरी वाताची वाट अडली आहे असं. तिसरे सुश्रुतातल्या पापण्यांच्या एकवीस रोगांपैकी ‘वातहत वर्त्म’ काढून दाखवतात. ‘वाट अडली’ हे ऐकताना मला आमचे बूच बसलेले नळ आठवले आणि क्षणभर सगळं जुळल्यासारखं वाटलं. पण दोन चित्रं एकमेकांसारखी दिसली म्हणून एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ते लागू पडतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

उपचारांचे धागे साधारण दोन. एक भरणी करण्याचा, म्हणजे बृंहण: बला किंवा माषाच्या तेलाचा अभ्यंग, साठेसाळीचा भात औषधी काढ्यात आणि दुधात शिजवून त्याच्या पुरचुंड्यांनी शेक, यापन बस्ती म्हणजे एक प्रकारचा औषधी एनिमा, अश्वगंधा, शतावरी. दुसरा मोकळं करण्याचा: स्वेदन म्हणजे घाम काढणं, विरेचन म्हणजे जुलाब देणं, नस्य म्हणजे नाकात औषध सोडणं, आणि भूक-पचन सुधारणारं दीपन-पाचन. वर गुळवेल आणि इतर ‘रसायनं’, म्हणजे ताकद देणारी औषधं, आणि काही वैद्यांकडे बृहत् वातचिंतामणीसारखे धातूंचे रसकल्प.

याने गुण येतो का? जे छापून आलं आहे ते मुख्यतः एकेका रुग्णाच्या हकिकती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या सोबत चालू होत्या. अँटिबॉडी कमी होतात किंवा गोळ्यांची जागा घेता येते, असं दाखवणारी मोठी, तुलना करून केलेली चाचणी नाही. त्या हकिकती खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. अडचण आजाराच्या स्वभावात आहे. तो स्वतःहून चढतो, स्वतःहून उतरतो, काही जणांत वर्षानुवर्षं शांत बसतो. आणि माणूस नवा उपाय शोधायला निघतो ते बहुतेक वेळा त्रास शिगेला पोचलेला असताना. तिथून पुढे उतारच लागण्याची शक्यता जास्त.

आमच्याच घरचं सांगतो. ॲझाथायोप्रिन सुरू झालं दिवाळीत. गुढीपाडव्यापर्यंत काहीच फरक दिसेना, म्हणून वैद्यांचा काढा सुरू केला. गणपतीत मावशीने एकवीस मोदक स्वतः वळले. चाळभर एकच चर्चा, काढ्याने उभी राहिली! दिवाळी ते गणपती हे दहा महिने होतात, म्हणजे त्या गोळीला लागतात तेवढेच, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काढ्याचा वाटा शून्यच होता असं मीही छातीठोक सांगू शकत नाही. तेच तर म्हणतोय, एका माणसावरून कुणालाच सांगता येत नाही.

ते कसं सांगता येतं, हे याच शहराने दाखवून दिलंय. सर्पगंधा आपल्याकडची जुनीच वनस्पती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दर वेळी मोजून, 1949 साली निष्कर्ष इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले, आणि तिची जगभर दखल घेतली गेली. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर असंच चिकाटीने काम केलं. आयुर्वेदाबद्दल मनात आदर ठेवूनही मोजमाप करता येतं, हे दोघांच्याही कामात दिसतं.

पण त्या गुळवेलीच्या कामात नेमकं काय दिसलं? रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिने जास्त चपळ होतात. कावीळ होऊन जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या माणसाला हे हवंच असतं. मायस्थेनियाच्या रुग्णाला ते हवं आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण त्याची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या घरावर दगड मारते आहे. ‘इम्युनिटी वाढवा’ हा कोविडनंतर घराघरात शिरलेला मंत्र इथे उलटा पडू शकतो. रोजचं ॲझाथायोप्रिन इम्युनिटी आवरतंय आणि सकाळचा काढा तिला चेतवतोय, असा खेळ घरात चालू असेल तर डॉक्टरांना तो माहीत असला पाहिजे. आणखी एक. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूपही प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते तसंच होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कुणीही जिंको, ॲझाथायोप्रिन स्वतःच यकृतावर जाऊ शकतं म्हणून मावशीची रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी होतेच. त्यात दुसरा संशयित आणून बसवायचा, तर निदान त्याचं नाव फाइलवर हवं.

अश्वगंधेने काही जणांत थायरॉइडची पातळी वर जाते, आणि मायस्थेनियाच्या रुग्णांत थायरॉइडचे आजार तसेही जास्त आढळतात. खोकल्यावर मुंबईत सर्रास चघळतात त्या ज्येष्ठमधाचीही अशीच गंमत आहे. रोज आणि भरपूर घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं. स्टिरॉइडही पोटॅशियम उतरवतं. दोन्ही एकत्र आले की स्नायू आणखी ढिले पडतात, आणि घरचे समजतात आजार वाढला.

पंचकर्माचं काय? इथे मी अख्खं खोकं नाकारणार नाही, एकेक उघडून बघतो. हलक्या हाताचा, कोमट तेलाचा अभ्यंग मावशीला मानवतो, अंग मोकळं वाटतं, झोप लागते. त्याने नळांची बुचं निघत नाहीत, पण आजारी माणसाला बरं वाटणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. स्वेदनाची पेटी आणि वाफ मात्र नको. उष्णतेने अशक्तपणा वाढतो हे या आजाराचं अगदी मूळचं लक्षण, आणि पेटीत बंद असताना श्वास कमी पडला तर? विरेचनाने पाणी आणि क्षार जातात, गोळीने आधीच पोट ढिलं असतं. ज्याला गिळायला त्रास आहे त्याच्या नाकात नस्याचं तेल सोडलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. लंघन म्हणजे उपाशी राहायचं आणि अनेकदा गोळीही चुकवायची, तेही नको.

आहाराच्या बाबतीत मात्र वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट यांचं आमच्याकडे चक्क एकमत झालं. मुख्य जेवण दुपारी बारापर्यंत, रात्री लवकर आणि हलकं: पेज, मुगाची मऊ खिचडी, खीर. न्यूरॉलॉजिस्टचं कारण असं की संध्याकाळी जबडा थकलेला असतो, वैद्यांचं कारण अग्नी मंद असतो. ताटात तेच पडतं. गोळी घेऊन अर्धा तास झाल्यावर जेवायला बसायचं, म्हणजे गिळायला जोर राहतो. दुपारच्या झोपेवरून आजी कुरकुरायची, दिवसा झोपू नये म्हणून. वैद्यांनीच तिला सांगितलं, “आजी, दिवसाची झोप वर्ज्य आहे खरी, पण दुर्बळांना आणि म्हाताऱ्यांना चरकाने मुभा दिली आहे. यांना झोपू द्या, तुम्हीही झोपा.”

हे वैद्य दादरचे. त्यांनी पहिल्या भेटीत मावशीची फाइल पूर्ण वाचली आणि म्हणाले, “ताई, मी तुमची एकही गोळी बंद करणार नाही. ज्यांनी सुरू केली त्यांनीच कमी करायची. माझं औषध काय आहे ते मी कागदावर लिहून देतो, तो कागद त्यांना दाखवा.” माझ्या लेखी वैद्याची पारख याच दोन वाक्यांत होते.

त्याआधी एकाकडे उलटा अनुभव आला होता. नाव सांगत नाही. भिंतीवर ‘मुळापासून बरे’ अशी पाटी, कागदात बांधलेल्या बिनलेबलच्या पुड्या, आणि अट एकच: आधीच्या गोळ्या सोडा. मावशीला आठवड्यात इतकी तरतरी आली की आम्ही चकित झालो. नंतर न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. आमच्या पुडीत काय होतं ते आम्ही तपासून घेतलं नाही, तेवढा वेळच मिळाला नाही. गोळ्या सुटून पंधरा दिवस होत नाहीत तोच मावशीला पाणीही नाकातून येऊ लागलं आणि आम्ही तिला घेऊन रात्री अकरा वाजता टॅक्सीत बसलो.

रसकल्पांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं 2004 साली प्रसिद्ध झालं. शिसं नसांवरच घाव घालतं. ‘वाताचं’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत कुचला असतो, म्हणजे स्ट्रिक्नीन हे विष असलेलं बी. तो शुद्ध केलेला असला तरी वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची वस्तू नाही. लेबल वाचा, आणि लेबलच नसेल तर घेऊ नका.

झाडपाल्यावर इतकं बोललो, पण मावशीला जास्त भीती कोपऱ्यावरच्या केमिस्टची आहे. पावसाळ्यात ताप आला की तिथे सहज हातात पडणाऱ्या गोळ्यांतच या आजाराचे शत्रू असतात: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन. इंजेक्शनांत जेंटामायसिन आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम. मलेरियावरचं क्लोरोक्विन आणि क्विनीन. रक्तदाब-धडधडीवरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या. ही नावं तिने मराठीत लिहून पर्समध्ये ठेवली आहेत. दातांच्या डॉक्टरांपासून भूल देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती आधी तो कागद दाखवते, मग तोंड उघडते.

दुसरा कागद फ्रिजवर आहे. रोज रात्री ती खोल श्वास घेते आणि त्याच एका श्वासात जितके जमतील तितके आकडे मोठ्याने मोजते. आकडा तारखेपुढे लिहिते. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय, वीसच्या खाली आलीस किंवा उताणं झोपल्यावर दम लागायला लागला, तर काढा नको, जादा गोळी नको, फोनही नंतर, आधी हॉस्पिटल. टॅक्सीच्या त्या रात्री तिचा आकडा नऊ होता.

काल चौतीस होता. परवा सव्वीसच भरले, पण परवा तिने गॅससमोर उभं राहून चाळीस बटाटेवडे तळले होते आणि पंखा बंद होता.